नो-गो

सिडकोत, पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आधी
मी लॅपटॉप उघडते.
आजही तेच गणित : लीप वर्ष कोणतं.

आधी प्रश्न लिहायचा. दोन हजार चोवीस?
उत्तर नाहीच अजून, म्हणून पडदा लाल.
मग एक ओळ, लाज वाटावी इतकी साधी :
नुसतं ‘हो’ म्हण.
हिरवं.

तेवीस विचारलं, पुन्हा लाल.
चारने भागलं, हिरवं.
एकोणीसशेला अडकले.
शंभराचा तो नियम मला रोज
नव्यानेच भेटतो.

आप्पा चहा घेऊन मागे उभे.
सातपूरला एकतीस वर्षं लेथवर बुश केले त्यांनी.
“काल हेच केलंस की. पुसलंस कशाला?”
हात वळावा म्हणून, म्हटलं.

ते कपाटातून गेज आणतात,
फडक्यात गुंडाळलेला, तेलाचा वास अजून तसाच.
एक टोक गो, एक नो-गो.
“जॉब लावायच्या आधी हा हाताशी पाहिजे.
आणि जे टोक आत जात नाही ना,
खरं ते सांगतं.”

चहा निवतो.
दोन हजार टाकलंय.
चारशेची ओळ पाठ आहे मला,
तरी जरा वेळ
लाल बघत बसते.