षष्ठी

हरलीन सरेहून आलीय.
कॅनडातलं सरे, इंग्लंडातलं नव्हे, हे तिनं दोनदा सांगितलं.
प्रवासाचं पुस्तक लिहितेय म्हणे.
वजिराबादच्या चौकात रसाचा ग्लास बाजूला सारून
वही उघडते, विचारते,
तुम्ही मूळच्या कुठल्या?

मी मुदखेडला मराठी शिकवते. सातवी ब.
नवी पोरं फळ्यावरचं नाव वाचतात, सतवंत कौर सुभेदार,
आणि माझ्या तोंडाकडं बघत राहतात.
मी म्हणते, "कामून बघायलास रे?"
वर्ग हसतो. झाली ओळख.

हिला काय सांगू?
पणजोबांचे पणजोबा लाहोरहून
निजामाच्या चाकरीला आले, घोड्यावर.
घोडं इथं मेलं.
घरात गोष्ट एवढीच आहे.

आई निजामाबादची, पैसे तेलुगूत मोजायची,
पावणेबाराशेला अडली की मराठीत यायची.
अरदास करताना वडील एक माणूस होते
आणि भाजीवाल्यापुढं दुसरेच:
"नक्को बोले तो नक्को!"

एकदा अमृतसरला गेले, लग्नाला.
माझं पंजाबी ऐकून बायका पदराआड हसल्या.
भाकरी मागितली तर मक्याची आणून दिली,
वर लोणी. चांगली होती.
परतीच्या गाडीत, परभणीला,
एक बाई बोचकं घेऊन चढली नि खेकसली,
"सरका की ओ जरा!"
मी सरकले. डोळे पुसले. तिला वाटलं, धूळ गेली.

हरलीन भराभर लिहितेय.
मग थांबते. तिची मावशी जालंधरला म्हणाली होती,
तू पाहुणी आहेस, उठू नकोस, बस.
हे ती वहीत लिहीत नाही.

मराठीत कसं म्हणतात, विचारते, नांदेड दी?
नांदेडची, मी सांगते. षष्ठीचा प्रत्यय.
पंजाबीत 'दी' सुटी राहते,
आमच्यात 'ची' चिकटवून लिहायची, मध्ये जागा सोडायची नाही.
पोरं नेमकी इथंच चुकतात.

ती गुरुमुखीत लिहून बघते, सावकाश, जीभ दातात धरून:
सरे ची.
मध्ये बोटभर जागा.

लाल पेन पर्समध्येच होतं.
रसवाला म्हणाला, अजून एक देऊ का, बिनबर्फाचा?