फ्रिजवरचा गुलाबी कागद

डॉक्टरीण खुर्ची ओढून बसली
तेव्हाच बापाने कानातलं यंत्र नीट केलं.
उभ्याने बोलतात ते औषधांचं,
बसून बोलतात ते निराळं,
एवढं त्याला अस्टोरियाच्या या इस्पितळात
तीन हिवाळ्यांत कळलं होतं.

"हृदय थांबलं तर…" ती म्हणाली, आणि स्वतःच थांबली.
"छाती दाबायची का, असंच ना?"
आयुष्यभर कोलंबियाच्या मुखाशी जाळी ओढलेला माणूस,
"फासळ्या मोडतात?"
"तुमच्या वयात, बहुतेक."
"शंभरातले किती आपल्या पायांनी घरी जातात?"
आकडा लहान होता.
तिने तो त्याहून लहान आवाजात सांगितला.

मी म्हणाले, सगळं करा. जे असेल ते सगळं.
"इर्मा," बाप म्हणाला,
"सगळं म्हणजे काय, विचारलंस का?"

मग तो गुलाबी कागद. एन्सियो हौताला, ठसठशीत अक्षरात.
नळी नको. यंत्र नको.
ताप आला तर औषधं?
इथे पेन अडलं.
"सप्टेंबरपर्यंत द्या. सॅमन चढून जाऊ देत."
सप्टेंबरला चौकोन नव्हता.
तिने समासात हाताने लिहिलं, आणि खाली सही केली.

"फ्रिजवर लावा," ती म्हणाली,
"रुग्णवाहिकेची माणसं आधी तिथेच बघतात."
परतीच्या वाटेवर बाप दोनदा हसला:
भुकेली असतील बिचारी.

ऑक्टोबर. सॉनाच्या पायरीवर
टॉवेल खांद्यावर, डोकं भिंतीला टेकलेलं.
मला सगळं पाठ होतं,
तरी मी फोन केला.
बोटांनी कुठे सही केली होती?

एक जण मागच्या दारी धावला.
दुसरा स्वयंपाकघरात आला, अगदी पोरगेलासा,
बुटांना ओली वाळू.
मी फ्रिजला पाठ टेकून उभी.
"मॅडम," तो म्हणाला,
"तुमच्या मागे काही आहे का?"

नाही, म्हणाले मी.

तो जागचा हलला नाही. त्याने पुन्हा विचारलंही नाही.
मागच्या दारातून हाक आली, "करायचं की नाही?"

मी सरकले.
किती वेळाने, ते त्याने अहवालात लिहिलं नाही.

त्याने कागद वाचला, वरपासून खालपर्यंत,
सप्टेंबर वाचला,
आणि अगदी तळाशी, शिसपेन्सिलीने, बापाच्या तिरप्या अक्षरात:
कॉफीचे फिल्टर संपलेत.

मग मागे वळून म्हणाला, "नको."