दुसरा आंबा

लिलाँग्वे, एरिया पंचवीस.
बावीस वर्षांची शाळा पाडलीय,
इथे सात मजले काच उभी राहायचीय.
माझ्या हातात तक्ता:
सिमेंट, सळई, डिझेल,
धुराचे टन, पुढच्या साठ वर्षांच्या एसीसकट.

नासिबेको ढिगाऱ्यावर बसून
छिन्नीने विटेचं जुनं सिमेंट खरवडते,
बोटाच्या पेराने वाजवून बघते.
ठण्ण, उजवीकडे.
भद्द, डावीकडे.

"ही आमच्या भट्टीतली.
बापाने दोन आंबे तोडले होते तेव्हा.
एक आंबट होता, त्याचं काही नाही.
दुसरा..."
आणि तिने पुढची वीट उचलली.

तक्ता मी पुन्हा चाळला.
तो सुरू होतो
ट्रक गेटातून आत आला, तिथून.

मुन्थाली कंत्राटदार म्हणाला, भरावात लोटा सगळं,
नव्या विटांची भट्टी पेटलीय.
मी म्हटलं, पाच हजार तरी ठेवू, आतल्या भिंतींना.
"दिसतील?"
"गिलाव्याखाली कशा दिसतील?"
"मग ठेव."

दिवस मावळताना मोजल्या:
चार हजार आठशे सहा.
नासिबेको चितेंगेच्या ओच्यात
एक घेऊन निघाली, ठण्ण वाजणारी.

मी आठशे पाच लिहिलं.
शेऱ्याचा रकाना
कोराच ठेवला.