वाढत्या अंगाचं

घालाच्या आमच्या वर्कशॉपात गेटं येतात, जिने येतात,
कुणाच्या व्हिलाला खजुराच्या पानांची जाळी.
या वेळी बाई स्वतः आली. डॉक्टर शमसा.
अबायाच्या काठाला ग्रीस लागलं तरी आत आली
आणि लेथवरच कागद पसरला.

टेबलासारखंच काहीतरी. चार पाय, वर ट्रे,
ट्रेमध्ये शिशाच्या विटा, दोनशे दहा किलो.
खाली एक बाई झोपणार.
गाठ डोक्यात आहे, किरण डोक्यावर द्यायचे,
पण इकडेतिकडे उडालेले
पोटापर्यंत पोचू नयेत.
पाचवा महिना, ती हिंदीत म्हणाली,
आणि तरी पाच बोटं दाखवली.

उंची किती, पुन्नूसने विचारलं.
तिने हवेत हात धरला, मग जरा वर नेला.
सहा आठवडे चालेल. चार बोटं जास्त ठेवा.
वाढेल.

मला आई आठवली, महाडच्या शिंप्यासमोर,
माझा खाकी शर्ट:
वाढत्या अंगाचा शिवा भाऊ, पुढच्या सालीही चालला पाहिजे.
जन्मात पहिल्यांदा मी
वाढत्या अंगाचं लोखंड कापलं.

शिसं मऊ. नख ओढलं तरी रेघ उठते.
आजा सांगायचा,
ऐकू नये ते ऐकलं म्हणून आपल्यातल्यांच्या कानात
ओतायचे हे, तापवून.
मी दोन्ही कान झाकायचो.
पहिली वीट उचलली तेव्हा मनात आलं,
आत्ता कुठे ऐकू यायला लागलं असेल त्या पोटातल्याला,
आणि हेच शिसं आता
बाहेर उभं राहणार, राखणीला.

वेल्ड दोनदा मारला. इक्राम हसला, पूल बांधतोस काय?
किरणांचं मला कळत नाही. वजनाचं कळतं.
दोनशे दहा किलो, पोटापासून वीतभर.
किरणांतून वाचायचं
आणि माझ्या एका सांध्यानं

रात्री कॉम्प्रेसर बंद झाल्यावर मीच खाली झोपलो.
पोटावर पाच किलो बासमतीची पिशवी बांधली.
इक्राम नि मोनीर वर विटा रचत गेले.
अजून?
रच.
अंधारलं. शिशाला वास नसतो म्हणतात, मला आला,
ओल्या पाटीचा.
तांदळावर हात ठेवून पडून राहिलो.
सुकेशिनी झाली तेव्हा मी सोहारला होतो,
तिचं रडणं फोनवर तुटत तुटत आलं.
तिच्या आईच्या पोटावर कधी हात ठेवल्याचं
मला आठवत नाही.
रोज पंधरा मिनिटं, डॉक्टर म्हणाली होती.
पंधरा मिनिटं फार असतात.

सांधा कुरकुरला नाही.

रमजान आला, गेला. मग हॉस्पिटलचा पिकअप.
ड्रायव्हरला एवढंच ठाऊक: वापर संपला, ठेवून घ्या.
मी आधी स्क्रू बघितले.
चार बोटांच्या चार खुणा, ग्रीस माझ्याच हातचं.
पहिल्या खुणेचं पुसलेलं. दुसरीचं. तिसरीचं.
चौथीवर अजून माझ्या अंगठ्याचा ठसा.

सहा आठवडे झाले असतील पुरे.
तेवढंच असेल.
ड्रायव्हर गाडी वळवत होता, मी हाक मारली नाही.

भंगारात देऊ? पुन्नूस म्हणाला.
नको, म्हटलं, राहू दे कोपऱ्यात,
आणि पहिल्या तीन खुणांना
पुन्हा ग्रीस लावलं.