दुभाषी

टेबलाच्या अलीकडे चिरागभाई, पलीकडे सुपडाबाई,
मधे राणू. वय विचारलं तर नऊ म्हणाली,
मग आईकडे पाहून आठ.

वडोदरा स्टेशनमागचा रैनबसेरा, रात्रीचे साडेदहा.
मी रजिस्टर लिहितो.

चिरागभाई म्हणतात, त्रण रात. पछी खाली करवुं पडशे.
राणू आईकडे वळते :
भाऊ म्हने, ऱ्हा. जागा शे.
एवढंच.
'तीन' हा शब्द तिने तोंडातच ठेवला,
गोळी गालात ठेवतात तसा.

आई म्हणते, पोऱ्याना आंगमा ताप शे, सांग त्याले.
राणू चिरागभाईंना :
मम्मी कहे छे, बधुं बराबर छे.

माझी मान खाली.
मी दांडिया बाजारचा, गुजराती मला घरच्यासारखी,
आणि ही दुसरी माझ्या मामीची, अमळनेरहून आलेली.
आम्ही पोरं तिच्या 'शे'ला हसायचो.
मग ती आमच्या घरात कमी कमी बोलत गेली.

खुशाल आईच्या खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले.
चार वर्षांचा, अजून बोलत नाही.
सुरतेला साईटवर शेजारी उडिया,
भरूचला मुकादमाची हिंदी,
अंकलेश्वरला पुलाखाली पोलिसाची शिटी.
त्याने यातलं काय उचलावं?

रकाना सातवा : भाषा.
पेन तिथे थांबलं, मी आठवा भरला.

चिरागभाई चहाला गेले तेव्हा विचारलं,
कितला दिनफाईन ताप शे पोऱ्याले?
चाळीस वर्षांनी, चुकतमाकत.
सुपडाबाई बघतच राहिली, आणि मग सुटलीच :
ताप, ठेकेदार, बुडालेली मजुरी, गावाकडची विहीर,
मला निम्मं कळेना तरी थांबेना.

राणू माझ्याकडे बघत होती,
जसा मी न विचारता आत शिरलो होतो,
पायात चपला तशाच.

कपाटातलं तापाचं औषध, अर्धं झाकण.
खुशालने तोंड वाकडं केलं. सगळ्यांना समजलं.

नंतर ती एकटीच टेबलाशी आली. गुजरातीत म्हणाली,
मागच्या ठिकाणी खोकल्याचं खरं सांगितलं होतं.
रात्री दोन वाजता बाहेर काढलं.
रजिस्टरवर बोट ठेवलं : लख्युं? ताप?
नाही, म्हटलं.

तिने पान उलटंसुलटं पाहिलं, वाचता येत नसलं तरी.
आणि तीन रात्रींचं
तिला तुम्ही सांगू नका, म्हणाली.
मी सांगेन.
परवा.