ओळ क्रमांक ४११२

लिएपायात वारा दाराची कडी वाजवून जातो,
झेंटा उठत नाही.
पडद्यावर पोर्वेनिरहून आलेली तक्रार,
पृथ्वीच्या पार खालच्या टोकाहून,
मोडक्या इंग्रजीत, अतिशय नम्र:

आमच्या दफनभूमीच्या नोंदींत
शिमे श्कारिच आहेत आणि नाहीत.
नावानं शोधलं तर नाहीत.
पहिल्यापासून एकेक ओळ वाचत गेलं
तर आहेत, ४११२वी.
त्यांची मुलगी दर नोव्हेंबरात फुलं घेऊन येते.
यंदा मी तिला सांगितलं,
या नावाचं इथं कुणी पुरलेलं नाही.
ती काही बोलली नाही. फुलं टेबलावर ठेवून गेली.
घाई नाही. सवडीनं बघावं.
नोएमी बार्रिआ, कारकून.

घाई नाही, हे दोन शब्द
झेंटा तीनदा वाचते.
तातडीचं! तातडीचं! म्हणणारे रोजचेच,
फुकट घेणारे आणि वर उद्धार करणारे.
त्यांची सवय आहे. याची नाही.

बग पकडायचा तर आधी त्याला घरी बोलवावं लागतं,
पाट मांडून, वाट बघत.
पहिल्या रात्री तो येत नाही. दुसऱ्याही.
तिसऱ्या रात्री ती जुनी सिस्टिम चढवते,
नावं भरते, तिच्यावर नवी चढवते
आणि हाक मारते: श्कारिच.
शून्य ओळी.
झेंटा एकटीच टाळी वाजवते,
खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतो.

झालं होतं ते इतकंच:
नव्या सिस्टिमनं वर्णमालेतला शेजार बदलला.
डोक्यावर पाखरू बसलेला तो एस
पूर्वी साध्या एसच्या मागच्या गल्लीत राहायचा,
आता त्याच्याच घरात, भावाभावांसारखा.
इंडेक्स मात्र जुना.
शोधणारा नव्या पत्त्यावर जातो, दार ठोठावतो,
परत येऊन सांगतो, कुणी नाही.
खोटं बोलत नाही तो.
आपल्याकडे तरी काय,
क्ष हुडकायचा तर कोशात क पाशी थांबायचं
की ळ ओलांडून पुढं जायचं?
फांदी चुकली की पान चुकलं.
कळसा काखेतच असतो.

मग ती विचारते, ही ओळ लिहिली कुणी?
त्या आज्ञेचं नावच 'दोष' आहे.
उत्तर: झेंटा क्रूमिन्या,
अकरा वर्षांपूर्वी, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
वर टीप, तिच्याच हातची:
अक्षरांचा क्रम बदलत नाही, असं धरलं आहे.

त्या पहाटे घाई कसली होती
ते तिला आठवत नाही.
उल्दिस तेव्हा या घरात होता,
बहुतेक आतल्या खोलीत, झोपलेला.
तेव्हा बरंच काही धरलेलं होतं.

दुरुस्ती सात ओळींची.
इंडेक्सच्या कपाळावर लिहून ठेवायचं
तो कुठल्या क्रमानं रचला,
आणि क्रम बदलला तर गप्प बसायचं नाही,
ओरडायचं: मला पुन्हा बांधा.
चाचणी मात्र दोनशे ओळींची.
तिच्यात नेहमीसारखं अ अ अ, ब ब ब न भरता
ती श्कारिच लिहिते.
किसुमूहून ओन्यांगो सगळं तपासतो,
तीन दिवसांनी कळवतो:
चौथ्या ओळीच्या शेवटी एक जागा जास्तीची सुटली आहे.
ती काढते.

डिसेंबरात नवी आवृत्ती निघते.
बदलांच्या यादीत हा एकोणतिसावा,
तिथवर कुणी वाचत नाही.

जानेवारीच्या मध्यावर नोएमी लिहिते:
सापडले. मुलीला फोन केला.
पण पुन्हा बांधल्यावर आणखी तिघं वर आले,
ज्यांना विचारायला कुणी आलंच नव्हतं.

झेंटा त्यांची नावं मागवते.
चाचणीसाठी हवीत, असं लिहिते.