शंभरपर्यंत

पोदेराचा भोंगा वाजला की हे उठून बसतात.
पहाटेचे साडेपाच. त्याच्या सायकलीवर गरम उंडे,
यांच्या कानात मात्र फेरीबोट सुटते.
"दोर सोड," मला म्हणतात.
मी पांघरुणाचं टोक सोडते.
त्यावर भागतं.
आधी मी वाद घालायची,
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली म्हणायची,
पेन्शनचं पुस्तक नाकासमोर धरायची.

दिवाडी ते नार्वे, नार्वे ते दिवाडी, चौतीस वर्षं.
नदी केवढी? या काठावरून हाक घातली
तर त्या काठावरची म्हैस मान वर करते.
तेवढ्याशा पाण्यावर या माणसाने जन्म काढला
आणि आता पलंगापासून न्हाणीपर्यंत
त्याला वाट सापडत नाही.

लोक विचारतात, कधी सुरू झालं.
मानशीचं दार कधी कुजायला लागतं, कोण सांगणार?
वरचा रंग शाबूत असतो.
मग एक दिवस शेतातलं पाणी जिभेला लावावं
तर खारं.
शेवटच्या वर्षी बोट नीट धक्क्याला लावून
यांनी खलाशाला विचारलं होतं, "हा कुठला काठ रे?"
सगळे हसले.
मीही हसले. डबा द्यायला गेले होते.

रविवारी मीस आटोपली की इनासिन येते,
सोप्यावर बसते.
तिचा कायतान चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचा,
हल्ली त्या पेटीला घाबरतो,
तिच्यावर टॉवेल टाकून ठेवतो.
आम्ही दोघी नारळाच्या भावाबद्दल बोलतो.
एकदाच म्हणाली,
काळा ड्रेस शिवून घेतलाय.
शिंपी मुलाकडे जायचा होता कायमचा, म्हणून.
कपाट उघडलं की तोंड फिरवते.
मी म्हटलं, माझा हात रोज आरशासमोर थांबतो,
कुंकू लावायचं ते नक्की कुणाचं?
ती काहीच बोलली नाही.
चहा अर्धा टाकून उठली,
त्याला बाहेरून कडी घालून आली होती.

रात्री जेवण झालं की हे मला वाटेला लावतात.
फार सभ्यपणे. परक्या बाईशी बोलावं तसं.
"बाये, शेवटची फेरी झाली.
घरची वाट बघत असतील."
पहिल्यांदा मी पायांशी बसून रडले.
ते बिचारे गडबडले,
खिशात चिल्लर शोधू लागले मला द्यायला.

आता मी पदर सावरून उठते,
"येते हां, तांडेल," म्हणते
आणि मागच्या दाराने फणसाखाली जाऊन उभी राहते.
शंभरपर्यंत मोजते.
पुढच्या दाराने आत आले की म्हणतात,
"आलीस, शालन? उशीर केलास."

रोज एवढंच.
एवढ्यासाठी मी रोज घराबाहेर जाते.
चार शब्द, कधी पाचवा,
मग डोळ्यांतला दिवा पुन्हा खाली.

परवा शंभर झाले आणि मी हलले नाही.
पलीकडे नार्व्याला एका घरात टीव्ही चालू होता,
पाण्यावरून त्याचं हसू ऐकू येत होतं.
दोनशे. तीनशे.
पायाला मुंग्या चावत होत्या, चावू दिल्या.
मनात काय आलं ते लिहीत नाही,
इनासिनलाही सांगणार नाही, तिला ठाऊक असेल.
किती मोजले ते पुढे चुकलं.

पुढे आले तर दाराला आतून कडी.
इतक्या महिन्यांत कडी त्यांना जमली नव्हती.
मी थापटलं.
पावलं आली, दारापाशी थांबली.
"कोण?"

नाव सांगायला
मला थोडा वेळ लागला.